खनिजसंग्रह : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

खनिजांचे आणि स्फटिकांचे नमुने जमवणाऱ्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्या काकांनी आयुष्यभर जमवलेली खनिजे आता माझ्याकडे आली आहेत. काही नमुन्यांखाली पिवळ्या पडलेल्या, फाटक्या चिठ्ठ्या आहेत, तर काहींवर नुसतेच आकडे रंगवलेले आहेत. सगळे नमुने धुऊन-पुसून, जुन्या चिठ्ठ्या काढून आणि छापील नवी नावे लावून कपाटात मांडावेत असा विचार आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : धुणे-पुसणे तूर्त बाजूला ठेवा आणि एकही चिठ्ठी, ती कितीही जीर्ण झालेली असली तरी, टाकू नका. खनिज कोणते आहे हे आज कळले नाही तरी पुढे कधीही कळू शकते, कारण क्ष-किरण विवर्तनासारख्या चाचणीने शंभर वर्षांनंतरही त्याचे नाव निश्चित करता येते. ते कोणत्या खाणीतून, किती खोलीवरून आणि कोणत्या शिरेतून आले हे मात्र बहुतेक वेळा नुसता दगड पाहून सांगता येत नाही, आणि ही माहिती एकदा हरवली की ती परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. तुमच्या काकांनी त्या चिठ्ठ्या इतकी वर्षे सांभाळल्या यावरून ते किती गंभीरपणे संग्रह करत होते हे दिसते.

नामिबियातील त्सुमेबच्या खाणीचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे तांबे, शिसे आणि जस्त यांचे मोठे उत्पादन झाले आणि १९९६ मध्ये ती खाण बंद पडली. तेथे विविध खनिजांचे भांडार एकाच जागी एकवटले होते. कित्येक खनिजे जगात प्रथम तेथेच नोंदली गेली. तेथील ॲझुराइटचा, म्हणजे तांब्याच्या एका खनिजाचा, गडद निळा स्फटिक चिठ्ठीसह असेल, तर तो त्या खाणीतील रासायनिक घडामोडींचा पुरावा असतो आणि अभ्यासकाला उपयोगी पडतो. चिठ्ठी गेली की ॲझुराइटचा एक देखणा स्फटिक तेवढा हातात राहतो. बंद पडलेल्या, पाण्याने भरलेल्या किंवा खोदून संपलेल्या खाणींतून आता दुसरा नमुना आणता येत नाही, म्हणून जुन्या संग्रहांतील अशा चिठ्ठ्यांचे मोल फार आहे.

चिठ्ठी हरवणे वाईट खरेच, पण खोटी चिठ्ठी त्याहून वाईट. ब्रिटिश संग्राहक आर्थर किंग्सबरी यांचे १९६८ मध्ये निधन झाल्यावर त्यांचा मोठा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेला. ब्रिटनमध्ये पूर्वी न आढळलेली अनेक दुर्मीळ खनिजे आपल्याला अमुक ठिकाणी सापडली, असे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केले होते. पुढे १९९० च्या दशकात या संग्रहाची कसून फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांतील बऱ्याच नमुन्यांची ठिकाणे बनावट असल्याचे उघड झाले. खनिजे खरी होती, त्यांची नावेही बरोबर होती. फक्त ती तेथली नव्हती. एवढ्याने एका देशाच्या खनिजनोंदींत वर्षानुवर्षे चुका राहिल्या आणि त्यांच्या बाकीच्या, कदाचित प्रामाणिक असलेल्या नोंदींवरही विश्वास ठेवणे अवघड झाले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रत्येक नमुना आहे त्या जागी, त्याच्या चिठ्ठीसह, आधी छायाचित्रात टिपून घ्या, कारण पेट्या हलवतानाच चिठ्ठ्यांची अदलाबदल होते. नमुन्यांवर रंगवलेले आकडे अर्थातच कोणत्या तरी नोंदवहीतील असणार, तेव्हा काकांच्या कागदपत्रांत ती वही शोधा. ती सापडली तर निम्मे काम झाले असे समजावे. वही मिळाली नाही तरी ते आकडे पुसू नका. तुमचा स्वतःचा क्रमांक द्यायचा असेल तर नमुन्याच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला, स्फटिकावर न देता खडकाच्या भागावर, ॲसिटोनने पुढे काढून टाकता येईल अशा पांढऱ्या लेपाचा लहानसा ठिपका द्यावा आणि तो वाळल्यावर त्यावर बारीक शाईने क्रमांक लिहावा. वहीत त्या क्रमांकापुढे खनिजाचे नाव, सोबतची खनिजे, ठिकाण, नमुना कोणाकडून व कधी आला, आणि पूर्वीच्या चिठ्ठीवरील मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवावा. जुन्या चिठ्ठीवरचे नाव चुकीचे आहे अशी खात्री झाली तरी ती चिठ्ठी काढू नये; नवी चिठ्ठी तिच्या सोबत ठेवावी. एखादे ठिकाण तुम्ही अंदाजाने ठरवत असाल तर तेथे ‘बहुधा’ असे स्पष्ट लिहावे आणि तो अंदाज कशावरून केला तेही लिहावे. हे सर्व झाल्यावर मग धुण्याचा विचार करावा, आणि त्याविषयी पुढे एका प्रश्नाच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे एक पांढरट, अर्धपारदर्शक स्फटिक आहे. विक्रेत्याने तो क्वार्ट्‌झ म्हणून दिला, पण एका मित्राच्या मते तो कॅल्साइट आहे. प्रयोगशाळेची मदत न घेता हे कसे ठरवावे?

उत्तर : या दोन खनिजांतला फरक घरच्या घरी खात्रीने ओळखता येतो. ज्या चाचणीने नमुन्याला काहीच इजा होत नाही ती सर्वांत आधी करावी आणि ओरखडा काढणे किंवा आम्ल टाकणे शेवटी ठेवावे.

प्रथम दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून आकार पाहा. क्वार्ट्‌झचा चांगला वाढलेला स्फटिक सहा बाजूंचा, टोकाशी निमुळता झालेला असतो आणि त्याच्या उभ्या पैलूंवर आडव्या, बारीक रेषा दिसतात. स्फटिक वेडावाकडा वाढला असेल, एक पैलू रुंद आणि शेजारचा चिंचोळा असेल, तरी त्या उभ्या पैलूंमधला कोन १२० अंशांचाच राहतो. स्फटिकाचा आकार बदलला तरी पैलूंमधले कोन बदलत नाहीत, हे डॅनिश अभ्यासक निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्येच दाखवून दिले होते, आणि जाड कागदातून १२० अंशांचा कोन कापून तो पैलूंवर बसवून पाहिला तर तुम्हालाही ते पडताळता येईल.

त्यानंतर तुटलेला भाग पाहा. क्वार्ट्‌झ काचेसारखा फुटतो. तुटलेल्या जागी शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे वक्र, गुळगुळीत पृष्ठभाग दिसतात आणि ठरावीक दिशेने सपाट पापुद्रे निघत नाहीत. कॅल्साइटचे पाटन, म्हणजे ठरावीक सपाट पृष्ठभागांवर सहज फुटणे, मात्र तीन दिशांनी उत्तम होते आणि ते तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात न छेदता सुमारे ७५ आणि १०५ अंशांच्या कोनांत छेदतात, त्यामुळे त्याचे तुकडे तिरप्या ठोकळ्यांसारखे असतात. रने-ज्युस्त आयुई या फ्रेंच अभ्यासकाच्या हातून कॅल्साइटचा एक नमुना पडून फुटला आणि त्या तुकड्यांचे आकार पाहून त्यांना स्फटिकांच्या अंतर्गत रचनेची कल्पना सुचली, अशी हकिकत सांगितली जाते. हकिकत बाजूला ठेवली तरी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी केलेल्या कामावर स्फटिकशास्त्राचा पाया उभा आहे, यात शंका नाही.

तुकडा पुरेसा पारदर्शक असेल तर कागदावर पेनने एक ठिपका काढून त्यावर तो ठेवा. कॅल्साइटच्या पाटनाने सुटलेल्या तुकड्यातून दोन ठिपके दिसतात, आणि तुकडा कागदावरच हळूहळू फिरवला तर एक ठिपका जागेवर राहतो व दुसरा त्याच्याभोवती फिरतो. प्रकाशाचे हे दुहेरी वक्रीभवन डॅनिश अभ्यासक रास्मुस बार्थोलिन यांनी आइसलँडच्या कॅल्साइटमध्ये पाहिले आणि योगायोगाने तेही १६६९ मध्येच प्रसिद्ध केले. क्वार्ट्‌झमध्येही दुहेरी वक्रीभवन होते, पण ते इतके क्षीण असते की नुसत्या डोळ्यांना ठिपका एकच दिसतो. ही चाचणी एकदा स्वतः करून पाहावी. इतक्या साध्या साधनाने पदार्थाच्या आतल्या रचनेचे दर्शन क्वचितच घडते.

एवढ्यावर निर्णय झाला नाही तर कठिनता तपासावी. खनिजांची कठिनता १ ते १० या आकड्यांत मांडणाऱ्या मोह्स यांच्या मापनश्रेणीत कॅल्साइट ३ आणि क्वार्ट्‌झ ७ वर आहे, तर चाकूचे पोलादी टोक साधारण ५.५ वर येते. नमुन्याच्या खालच्या, तुटक्या बाजूवर चाकूचे टोक थोडे दाबून ओढावे. कॅल्साइटवर ओरखडा पडेल आणि क्वार्ट्‌झवर पोलादाचीच करडी रेघ उठेल. ही रेघ ओरखड्यासारखी दिसते म्हणून ती बोटाने पुसून पाहावी. पुसली गेली तर दगड पोलादाहून कठीण आहे. सर्वांत शेवटी, त्याच तुटक्या बाजूवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला तर कॅल्साइट जोरात फसफसतो.

दोन गोष्टींवर विसंबू नये. रंग हा सर्वांत कच्चा पुरावा आहे. एकटे फ्लोराइट जांभळे, हिरवे, पिवळे, निळे आणि रंगहीन असे सर्व प्रकारचे सापडते. वजनाचाही येथे उपयोग नाही, कारण क्वार्ट्‌झचे विशिष्ट गुरुत्व २.६५ आणि कॅल्साइटचे २.७१ असल्याने हातात दोन्ही सारखेच वाटतात. मात्र पांढरा दगड हातात घेताच अपेक्षेपेक्षा जड लागला, तर या दोन्ही नावांचा विचार सोडून बराइटचा विचार करावा. त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.५ आहे.

प्रश्न : खणात ठेवलेल्या पायराइटवर पिवळट-पांढरी भुकटी जमली आहे, खालचा पुठ्ठा करपल्यासारखा झाला आहे आणि खण उघडला की उग्र वास येतो. शेजारच्या नमुन्यांनाही याची लागण होईल का?

उत्तर : संग्राहक याला पायराइटचा रोग म्हणतात, पण ही जंतूंची लागण नसून रासायनिक क्रिया आहे. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग. हवेतील ऑक्सिजन आणि बाष्प यांच्याशी त्याची क्रिया होऊन लोहाची सल्फेटे आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होते. तुम्हाला दिसणारी भुकटी ही सल्फेटांची आहे आणि पुठ्ठा आम्लाने जळाला आहे. सल्फेटांना मूळ खनिजापेक्षा जास्त जागा लागत असल्याने ती आतून दाब देतात आणि अखेर नमुना फुटून त्याचा चुरा होतो. शेजारच्या खनिजांना हा रोग लागत नाही, परंतु आम्लाने कॅल्साइटसारखी खनिजे, लाकूड आणि विशेषतः कागद खराब होतो. या पायी नमुन्याच्या आधी त्याची चिठ्ठी नष्ट झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, म्हणून आजच्या आज चिठ्ठी बाहेर काढून वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि तिची नक्कल वहीत करून घ्या.

नमुना बाजूला काढून कोरड्या, मऊ ब्रशने भुकटी झाडावी. ती हाताला किंवा डोळ्यांना लागू देऊ नये. पाण्याने धुवू नये, कारण पाणीच या क्रियेचे एक कारण आहे. त्यानंतर तो सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावा आणि जेल ओलसर झाले की सुकवून किंवा बदलून घ्यावे. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया झपाट्याने वाढते आणि ती बरीच खाली ठेवली तर मंदावते. लाखेचा किंवा वॉर्निशचा हात देण्याचा सल्ला काही जण देतात, पण आत शिरलेले बाष्प आणि आम्ल त्याखाली कोंडले जाऊन क्रिया चालूच राहते, म्हणून तो उपाय मी सुचवणार नाही. ठसठशीत, चकचकीत घनाकृती स्फटिक सहसा वर्षानुवर्षे टिकतात. गाळाच्या खडकांतले बारीक कणांचे गोळे आणि त्याच संयुगाचा दुसरा प्रकार असलेले मार्कसाइट यांच्यावर मात्र सतत लक्ष ठेवावे लागते.

प्रश्न : स्फटिकांवरचे तांबूस डाग आणि माती काढण्यासाठी आम्ल वापरावे का? बाजारात मिळणारे नमुने इतके स्वच्छ कसे असतात?

उत्तर : नमुन्यावर कोणकोणती खनिजे आहेत हे नक्की माहीत नसेल तर आम्ल वापरू नये. बहुतेक नमुन्यांना गरम न केलेले, साधे पाणी, मऊ ब्रश आणि धीर एवढेच पुरते, आणि पाण्याबाबतही आधी विचार करावा लागतो, कारण सैंधव, टाकणखार आणि मोरचुदाचे स्फटिक पाण्यात विरघळतात, तर झिओलाइट गटातील खनिजांचे केसासारखे बारीक स्फटिक ब्रशचा स्पर्शही सहन करत नाहीत. फ्लोराइटला तापमानातला अचानक बदल सोसत नाही. गंधकाचा स्फटिक तर हाताच्या उबेनेही तडकू शकतो; तो कानाशी धरला तर बारीक कडकड ऐकू येते.

क्वार्ट्‌झवरचे लोहाचे तांबूस डाग ऑक्झॅलिक आम्लाने निघतात आणि बाजारातील स्वच्छ स्फटिकांमागे बहुधा हेच आम्ल असते. पण त्याच नमुन्यावर कॅल्साइट असेल तर त्यावर कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढरा, चिवट थर बसतो आणि तो काढणे मूळ डाग काढण्यापेक्षा कठीण होते. हायड्रोक्लोरिक आम्लाने कॅल्साइट विरघळते आणि त्याखाली दडलेला क्वार्ट्‌झ मोकळा होतो, मात्र सोबत नॅट्रोलाइटसारखे झिओलाइट असेल तर तेही विघटन पावून त्याचा चिकट लगदा होतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल घरात कोणत्याही कारणासाठी आणू नये. ते त्वचेतून आत शिरते आणि थोड्या प्रमाणातही प्राणघातक ठरू शकते. इतर आम्ले वापरायचीच असतील तर हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्या हवेत, नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. आधी एखाद्या निरुपयोगी तुकड्यावर प्रयोग करावा आणि काम झाल्यावर नमुना स्वच्छ पाण्यात, पाणी वरचेवर बदलत, बरेच दिवस ठेवावा, कारण भेगांत राहिलेले आम्ल नंतर पुन्हा बाहेर येते.

माझे स्वतःचे मत असे की थोडा मळ राहिलेला नमुना हा जास्त घासलेल्या नमुन्यापेक्षा केव्हाही बरा. ज्याला आपण घाण समजतो ती पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या खनिजाची पातळ पुटे असतात, आणि स्फटिक कोणत्या क्रमाने तयार झाले हे त्यांच्यावरूनच कळते.

प्रश्न : मी ‘सिट्रिन’ म्हणून नारिंगी स्फटिकांचा एक मोठा गुच्छ आणि पायऱ्यापायऱ्यांचे, इंद्रधनुष्यासारखे चमकणारे धातूचे स्फटिक विकत घेतले. हे नैसर्गिक आहेत का?

उत्तर : वर्णनावरून दोन्हींविषयी शंका घेण्यास जागा आहे. ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळा क्वार्ट्‌झ, सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवला की त्याचा रंग पिवळा ते तपकिरी होतो, आणि सिट्रिन या नावाने विकले जाणारे बहुतेक गुच्छ असेच तयार झालेले असतात. त्यांच्या खुणा अशा : रंग भाजल्यासारखा नारिंगी असतो, तो टोकांकडे एकवटलेला असतो, बुंध्याकडचा भाग दुधट पांढरा दिसतो, आणि स्फटिक ॲमेथिस्टप्रमाणेच आखूड, दाटीवाटीने पोकळीच्या भिंतीला चिकटलेले असतात. नैसर्गिक सिट्रिन सहसा फिकट, किंचित धुरकट पिवळे असून त्याचा रंग स्फटिकभर पसरलेला असतो. तापवलेला नमुनाही क्वार्ट्‌झच आहे आणि तो संग्रहात ठेवण्यात काही गैर नाही, परंतु चिठ्ठीवर ‘तापवलेले ॲमेथिस्ट’ असे लिहावे.

धातूचे ते स्फटिक बिस्मथचे असावेत. बिस्मथ अवघ्या २७१ अंश सेल्सिअसला वितळते. ते वितळवून सावकाश थंड करताना कडा आधी वाढतात आणि मधला भाग मागे राहतो, म्हणून पायऱ्यांचे पोकळ चौक तयार होतात. पृष्ठभागावर बसलेल्या ऑक्साइडच्या थराची जाडी जागोजागी वेगळी असल्यामुळे परावर्तित प्रकाशात निरनिराळे रंग उमटतात. निसर्गात बिस्मथ सापडते, पण अशा रूपात नव्हे. स्फटिक कसे वाढतात हे शिकवण्यासाठी ही वस्तू उत्तम आहे. फक्त तिला खनिज म्हणता येत नाही, कारण खनिज हे भूवैज्ञानिक प्रक्रियेतून तयार झालेले असावे लागते.

असेच इतरही प्रकार आहेत. क्वार्ट्‌झवर निर्वात कक्षात धातूचा सूक्ष्म थर चढवून त्याला निळी किंवा सप्तरंगी झळाळी दिली जाते. अकीक रंगवलेला असेल तर भिंगातून भेगांमध्ये रंग साचलेला दिसतो आणि काही रंग ॲसिटोन लावलेल्या कापसावर उतरतात. प्रयोगशाळेत वाढवलेले मोरचुदाचे गडद निळे स्फटिक खडकाच्या तुकड्यावर बसवून नैसर्गिक म्हणून खपवले जातात. सुटा स्फटिक दुसऱ्याच खडकावर चिकटवलेला असेल तर अतिनील प्रकाशाच्या विजेरीखाली सांध्यातला डिंक पुष्कळदा निळसर पांढरा उजळतो, म्हणून महागडा नमुना घेण्याआधी अंधारात ही विजेरी फिरवून पाहावी आणि स्फटिकाचा बुंधा जेथे खडकाला मिळतो ती जागा भिंगाने तपासावी. विक्रेत्याला नेमके ठिकाण विचारावे. उत्तरादाखल नुसते एखाद्या मोठ्या देशाचे नाव मिळाले तर सावध व्हावे.

प्रश्न : खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात नमुने छान दिसतात. उन्हाने काही बिघडते का?

उत्तर : बिघडते. ॲमेथिस्ट, गुलाबी क्वार्ट्‌झ, कुंझाइट आणि काही ठिकाणचे फ्लोराइट उन्हात हळूहळू फिके पडतात. प्रूस्टाइटसारखी चांदीची लाल खनिजे प्रकाशात काळवंडतात. सर्वांत वाईट अवस्था मनशिळीची, म्हणजे रिअलगार या आर्सेनिकच्या खनिजाची, होते. तिचे लाल स्फटिक प्रकाशामुळे दुसऱ्याच रचनेच्या पिवळ्या खनिजात बदलतात आणि शेवटी भुकटी होऊन गळतात. हा बदल उलटवता येत नाही. कपाट खिडकीपासून दूर हलवावे आणि वर सांगितलेली खनिजे बंद खणात ठेवावीत. पायराइट, मॅग्नेटाइट, गार्नेट किंवा रंगहीन क्वार्ट्‌झ यांना उन्हाची भीती नाही.

प्रश्न : जागा थोडी आणि आवड फार, अशी अडचण आहे. काय जमवावे आणि काय सोडावे?

उत्तर : आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने मान्य केलेल्या खनिजांची संख्या आता सहा हजारांच्या वर गेली आहे, तेव्हा सर्व काही जमवण्याचा विचार कोणालाच परवडणार नाही. एकच खनिज घेऊन त्याची निरनिराळ्या ठिकाणची रूपे जमवता येतात. कॅल्साइट यासाठी फार अनुकूल आहे, कारण त्याच्या स्फटिकांत आकारांची विविधता अमाप आहे. एकाच खडकातील खनिजेही घेता येतात, उदाहरणार्थ बेसाल्टच्या पोकळ्यांतील ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि त्यांच्यासोबतची खनिजे. जागेची अडचण खरोखर मोठी असेल तर सूक्ष्म नमुन्यांकडे वळावे असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. नखाएवढ्या डबीत बसणारे हे नमुने दुर्बिणीसारख्या दोन डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली वीस ते चाळीस पट मोठे करून पाहिले की त्यांतले स्फटिक मोठ्या नमुन्यांपेक्षा अधिक निर्दोष असल्याचे आढळते, कारण लहान स्फटिकाला मोकळेपणे वाढायला पुरेशी जागा मिळालेली असते आणि तो खोदकामातही सहसा मोडत नाही. एका खणात शेकडो डब्या मावतात.

प्रश्न : स्वतः जाऊन नमुने गोळा करायचे असतील तर कोणती तयारी हवी?

उत्तर : आधी परवानगी हवी. खाण चालू असो वा बंद, जमीन कोणाच्या तरी मालकीची असते. संरक्षित क्षेत्रांतून एकही खडा उचलू नये. बंद पडलेल्या भुयारी खाणीत शिरू नये, कारण तेथे छत कोसळण्याइतकाच प्राणवायू कमी असलेल्या हवेचा धोका असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. उघड्या खाणीतही उभ्या कड्याच्या पायथ्याशी काम करू नये. खाणीबाहेर टाकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यांत पुष्कळ काही मिळते.

भूशास्त्रीय हातोडाच वापरावा, कारण सुताराच्या हातोड्याचे पोलाद दगडावर आपटून त्याचे कपचे उडू शकतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि डोक्यावर शिरस्त्राण असावे. स्फटिकावर किंवा त्याच्या अगदी जवळ घाव घालू नये. भोवतीचा खडक दूरवरून छिन्नीने सोडवत यावे आणि शक्य असेल तर पोकळीसह मोठा तुकडा घरी आणून तेथे सावकाश कमी करावा. प्रत्येक नमुना वेगळ्या कागदात गुंडाळावा आणि गुंडाळतानाच आत ठिकाणाची चिठ्ठी घालावी. सुईसारख्या स्फटिकांना कापूस लावू नये, कारण त्याचे तंतू त्यांत अडकतात आणि काढताना स्फटिक मोडतात.

प्रश्न : स्फटिक रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी प्यावे असे काही जण सांगतात. माझ्या संग्रहात हिंगूळ, गॅलेना आणि टॉर्बर्नाइटचे हिरवे स्फटिक आहेत. यांपासून घरच्यांना काही धोका आहे का?

उत्तर : असे पाणी कोणत्याही खनिजाचे असले तरी पिऊ नये. त्याने काही लाभ होतो याला आधार नाही आणि अपाय मात्र खरोखर होऊ शकतो. हिंगुळात पारा, गॅलेनात शिसे, हरताळ आणि मनशिळीत आर्सेनिक, तर मोरचुदात तांबे असते. मोरचूद तर पाण्यात सहज विरघळते. हे नमुने हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्यांच्याजवळ खाऊ-पिऊ नये, ते घासू, कापू किंवा तापवू नयेत. हिंगूळ तापवले की पाऱ्याची विषारी वाफ सुटते, म्हणून ते दिव्याच्या उष्णतेतही ठेवू नये. तंतुमय खनिजांबाबत जास्त काळजी घ्यावी. क्रायसोटाइल, क्रोसिडोलाइट आणि एरिओनाइट यांचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. असे नमुने घट्ट बंद पारदर्शक डबीत ठेवावेत आणि ती डबी न उघडता पाहावेत.

टॉर्बर्नाइट हे युरेनियमचे खनिज असून किरणोत्सारी आहे. एखाददुसरा लहान नमुना बंद डबीत, ठळक सूचना लिहून, लोक जेथे तासन् तास बसतात किंवा झोपतात त्या खोलीपासून दूर ठेवला तर धोका फार कमी राहतो. त्यातून रेडॉन वायू निघत असतो, म्हणून तो खण किंवा कपाट हवेशीर जागी असावे आणि उघडल्यावर हवा खेळू द्यावी. टॉर्बर्नाइट कोरड्या हवेत पाणी गमावते आणि त्याचे स्फटिक ठिसूळ होऊन पापुद्रे सुटतात. हे कण डबीतच राहतील असे पाहावे, डबी हलवू नये आणि कण बाहेर पडलेच तर कोरड्या झाडूने न झाडता ओल्या कागदाने टिपून घ्यावेत. मुलांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर कुलूप असलेला एक खण या नमुन्यांसाठी राखून ठेवणे सर्वांत सोयीचे.